न्हाणीघराच्या भिंतीवर जड टाइल्स: जुने प्लास्टर ठेवावे की काढावे?

प्रश्न (नेरूळ): आमच्या जुन्या इमारतीतील घरात न्हाणीघराच्या भिंतींवर ऑइल पेंट आहे. आता तिथे छतापर्यंत ६०० बाय १२०० मिमीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स लावायच्या असून एकेक टाइल सुमारे १५ किलो भरते. रंगावर टाचे मारून (छिन्नीने खाचा पाडून) टाइल्स सिमेंटवरच बसवू, असे मिस्त्री म्हणतात. परंतु स्वयंपाकघराकडची भिंत चार इंची विटांची असल्याने तिला हा भार पेलेल का, ही शंका आहे.

उत्तर (ठाणे): हा भार चौरस फुटाला जेमतेम दोन किलो होतो, त्यामुळे भिंतीची काळजी करू नका, काळजी करायची ती वीट आणि टाइल यांच्यामधल्या थरांची. आमच्याकडे दोन वर्षांत एक टाइल निखळली, तेव्हा तिच्यामागच्या सिमेंटला हिरव्या रंगाचा पापुद्रा अख्खा चिकटून आला होता. म्हणजे सिमेंटने प्लास्टर धरलेच नव्हते, रंग धरला होता. शिवाय व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून तिच्या पाठीला नुसते सिमेंट नीट धरत नाही. आयएस १५४७७ या भारतीय मानकाचे ॲडेसिव्ह (टाइल चिकटवण्याचा तयार माल) घ्या, आपल्या टाइलला त्यातला कोणता प्रकार चालतो ते पिशवीवर वाचा आणि ते भिंतीला दातेरी थापीने व टाइलच्या पाठीलाही लावायला सांगा. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाइल दाबण्याची पद्धत मिस्त्रींना सोयीची असली, तरी मधली जागा पोकळ राहते.

उत्तर (ऐरोली): वरील मताशी सहमत आहे, फक्त प्लास्टरविषयी भर घालतो. ठोकून पाहावे आणि बद्द आवाज येईल तिथे विटेपर्यंत उतरवावे. विटांच्या सांध्यांतील भुसभुशीत माल खरवडून, भिंत भिजवून, एकास चार मालाचे (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) नवे प्लास्टर करावे आणि त्यावर किमान सात दिवस पाणी मारावे. काँक्रीटचा कॉलम आणि वीट जिथे भेटतात तिथे प्लास्टरमध्ये तारेची जाळी विसरू नये. जुने पाइप बदलायचे असतील तर ते याआधीच बदलून दाबाखाली तपासावेत. चार इंची भिंतीत आडवी खोल झिरी मात्र मारू देऊ नये. शेवटी लांब पट्टी लावून पाहावी, कारण एवढ्या मोठ्या टाइलला भिंतीचा पोटफुगा लपवता येत नाही.

प्रश्नकर्ता (नेरूळ): दोघांचेही आभार. नाणे वाजवत फिरलो, तर नळाभोवती दोन हात जागा पोकळ निघाली आणि पेचकस टेकवताच प्लास्टर वाळूसारखे गळू लागले. सगळेच उतरवतो आहोत. गीझर पुन्हा त्याच भिंतीवर टांगता येईल का?

उत्तर (ऐरोली): येईल, पण त्याचे बोल्ट विटेत खोलवर बसले पाहिजेत, प्लास्टरच्या भरवशावर नकोत. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवायला सांगा.