रस्ता म्हणजे उकिरडा नव्हे

खडीकर: काल इथे एकाने लिहिलं, "सगळं प्लास्टिक रस्त्यात घाला, कचराही संपेल, खड्डेही." राहवलं नाही म्हणून लिहितोय. रस्त्याच्या एक टन मालात, म्हणजे खडी-डांबराच्या मिश्रणात, डांबर साधारण ५० किलो. प्लास्टिक त्याच्या ६ ते ८ टक्के, म्हणजे फार तर ४ किलो. कुठला कचरा संपतो? आणि 'सगळं' तर मुळीच चालत नाही. पुरवठादाराने पाठवलेल्या पिशव्यांच्या चुऱ्यात एकदा रेक्झिनचे तुकडे निघाले. निघाले म्हणजे, प्लांटवर सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले तेव्हा कळलं. रेक्झिनवर पीव्हीसी प्लास्टिकचा थर असतो, आणि ते तापलं की हायड्रोजन क्लोराइड हा झोंबणारा वायू सुटतो, साहेब.

वाटसरू: गोणी तुमची खराब, आणि बोल पद्धतीला? ही पद्धत काढणाऱ्या मदुराईच्या प्राध्यापक वासुदेवनांना २०१८ साली पद्मश्री उगाच दिली का? रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका २०१३ पासून आहे, पीव्हीसी नको हे तिच्यातच लिहिलंय. वाचणार कोण?

शब्दकीट: मूळ चर्चेत पडत नाही, पण ते डांबर नव्हे, बिटुमेन. डांबर कोळशापासून, बिटुमेन खनिज तेलापासून.

खडीकर: वीस वर्षं डांबरच म्हणतोय. साइटवर 'बिटुमेन आण' म्हटलं तर पोरगं माझ्याच तोंडाकडे बघत बसेल.

शब्दकीट: कपाटातल्या डांबरगोळ्यांना निदान कोळशाचा वारसा तरी आहे. तुमच्या पिंपात तोही नाही.

वाटसरू: मग रस्त्यावर शब्दकोशच वितळवून ओता!

शब्दकीट: भाषेत ढिलाई तशी कामात ढिलाई. रेक्झिनला पिशवी समजलात ते असंच.

खडीकर: तोंड सांभाळून. त्या धुरात तुम्ही नव्हतात.

सावली: भांडून झालं असेल तर विचारते. रस्ता झिजला की हे प्लास्टिक जातं कुठे? आमच्या विहिरीतच ना?

वाटसरू: टायर झिजतात त्याचं काय? तेव्हा विहीर आठवत नाही?

सावली: म्हणजे उत्तर नाही. ठीक.

खडीकर: ताई, प्रश्न रास्त आहे. जुना थर खरवडतात तेव्हा तर भुकटीच उडते. पण वाटसरूंना एक देणं लागतो, नाइलाजाने. तापलेल्या खडीवर आधी चुरा, मग डांबर, अशी खडी आम्ही चोवीस तास पाण्यात ठेवली होती. ती काळीच राहिली. शेजारची साधी डांबरी खडी ठिकठिकाणी पांढरी पडली. पाणी धरत नाही, मान्य. चार किलोंत कचरा संपतो, हे अमान्य.

वाटसरू: एवढं कबूल करायला अख्खा दिवस घेतलात. धन्य.

शब्दकीट: 'साधी बिटुमेनी खडी.'