मामांची कॅम्पर: दुरुस्त करू की विकून मोकळी होऊ?

टाकाउसवण

मामांच्या मागे त्यांची कॅम्पर माझ्याकडे आली. आली म्हणजे मामींनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "घराचं काम काढायचंय, त्याआधी अंगण मोकळं करून दे. मग ठेव नाहीतर विक, तुझं तू बघ."

डिझेल व्हॅनच्या चेसिसवर बांधलेली गाडी आहे. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग, मागे यू आकाराची बैठक, मध्ये छोटा ओटा, दाराला लागून संडास-न्हाणी. बाहेरून पत्रा, आतून पातळ प्लाय, दोन्हींच्या मध्ये लाकडी पट्ट्या आणि थर्माकोल. बरीच वर्षं झाडाखाली एकाच जागी उभी आहे. मामा मधूनमधून सुरू करायचे, थोडा वेळ जागच्या जागी घुरघुर करू द्यायचे आणि बंद करायचे. शेवटी शेवटी तेही राहून गेलं.

छपरावर शेवाळ आहे, झरोक्याचं झाकण तडकलंय. वरच्या पलंगाच्या एका कोपऱ्यात तपकिरी डाग आहे आणि तिथला वॉलपेपर सुटून लोंबतोय. दाराजवळ पाय ठेवला की जमीन किंचित दबते. ओट्याखाली उंदरांनी संसार थाटलाय. फ्रिज उघडला तर आत मामांच्या अक्षरातली यादी चिकटवलेली, 'निघण्यापूर्वी काय काय तपासायचं' त्याची. टायर मात्र कोरे वाटतात, नक्षी भरपूर शिल्लक आहे.

मामेभाऊ म्हणतो भंगारात दे. नवरा काहीच म्हणत नाही, पण छपरावर चढायला शिडी त्यानेच आणून दिली.

आता माझी खरी अडचण. मी सोफ्यांची कव्हरं, गाद्या, पडदे शिवते, तोच माझा धंदा. आत पाऊल टाकलं आणि गाडी मला तयारच दिसायला लागली. बैठकीला कुठलं कापड, पाइपिंग कुठल्या रंगाचं, इथपर्यंत. त्यामुळे या बाबतीत मी माझ्यावरच विसंबू शकत नाही. ज्यांनी अशी गाडी उघडून पाहिली आहे त्यांनी सांगा, निर्णय कशावरून घ्यायचा? इंजिन सुरू होतं का यावरून?

पाना_बारा

ताई, चावी मारून बघण्याचा मोह आवरा.

डिझेलच्या टाकीत तळाला पाणी साचतं आणि त्या पाण्यावर जिवाणू-बुरशी वाढते. काळा चिकट गाळ होतो, तो सुरू करताच फिल्टरमध्ये आणि तिथून पंपाकडे जातो. आधी टाकी उपसून साफ करा, फिल्टर बदला, इंजिनातलं तेल बदला, मग क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) पान्याने हाताने फिरवून बघा, मोकळा फिरतो का. टायमिंग बेल्ट असेल तर तो किती किलोमीटर चाललाय हे विसरा. रबर वयानेही बाद होतं, आणि अशा इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

मामांची ती घुरघुर प्रेमापोटी असली तरी इंजिनाला पथ्यकारक नव्हती. इंजिन नीट तापत नाही, त्यामुळे जळताना तयार होणारं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये मुरतं.

ब्रेक धरून बसलेले असणारच. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, शिवाय ब्रेकचे जुने होज, म्हणजे रबरी नळ्या, आतून फुगतात, बाहेरून काही कळत नाही. आणि कोऱ्या टायरचं कौतुक नको. साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतील ते वाचा. २३१४ म्हणजे २०१४ सालातला २३वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा. पाच-सात वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही असली तरी लांबच्या रस्त्याला नको.

हे सगळं होण्यासारखं आहे. तोच सांगाडा, तेच इंजिन मालवाहू व्हॅनला असतं, सुटे भाग मिळतात, कुठलाही बरा मेकॅनिक हात घालतो. माझं मत, ठेवा.

सागवान

पानाभाऊंचं इंजिनापुरतं बरोबर आहे, पण 'ठेवा' म्हणायची घाई झाली. अशा गाड्या इंजिनाने मरत नाहीत, ओलीने मरतात. इंजिन खोलून बाजूला काढता येतं. भिंत काढायला घेतली की ओटा काढावा लागतो, ओटा काढला की कपाट, आणि कपाट ज्याला अडकवलंय ती पट्टीच हातात भुगा होऊन येते.

पाणी येतं झरोके, खिडक्या आणि कोपऱ्यांवरच्या पट्ट्यांखालून. तिथलं सीलंट (फटी बुजवणारा लगदा) वर्षांनुवर्षं उन्हात कडक होतं, स्क्रूच्या भोकांतून थेंब आत जातो आणि भिंतीच्या पोटातून खाली उतरतो. म्हणून डाग दिसतो तिथेच गळती असेल असं नाही. डोक्यावरचा पलंग पुढे आलेला असतो, चालत्या गाडीत वारा-पाऊस समोरून तोंडावर घेतो. सगळ्यात आधी तोच कुजतो.

तर इंजिन राहू द्या, ओल मोजायचं मीटर आणा, दोन टोकदार पिनांचं. बिनपिनाचं मीटर मागे धातूची फॉइल असली की फसवतं. कोरड्या हवेत मोजा. कागदावर गाडीचा नकाशा काढा आणि प्रत्येक खिडकीखाली, प्रत्येक कोपऱ्यात, जमिनीलगत आकडा लिहीत जा. १५ टक्क्यांच्या खाली असेल तर बिनधास्त. २० पर्यंत लक्ष ठेवा. २० च्या वर लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मुक्काम करता येतो. ३० दाखवलं तर आतली पट्टी बहुतेक गेलीच. मग स्क्रूड्रायव्हरने हलकेच टोचून बघा, लाकूड विरोध करतं की नाही.

दाराजवळची जमीन लगेच वाईट धरू नका. वर प्लाय, मध्ये फोम, खाली प्लाय अशी ती चिकटवलेली असते. सतत पाय पडून नुसता गोंद सुटला असेल तर बारीक भोकं पाडून इपॉक्सी (घट्ट होणारा गोंद) भरता येतं, वर वजन ठेवलं की पुन्हा धरतं. आकडा कोरडा आला तर हेच असेल.

आणि हात जोडून सांगतो, कुणी 'वरून सिलिकॉन मार' म्हणेल त्याचं ऐकू नका. सिलिकॉनवर नंतर दुसरं काही चिकटत नाही, सिलिकॉनसुद्धा नाही. पट्टी काढायची, खालचं खरवडायचं, ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) घालून पुन्हा बसवायची.

तुमच्या हातात कला आहे, पण इथे ती शेवटच्या आठवड्यात लागते. त्याआधीची सगळी कामं सुताराची आहेत. तुमच्याकडे वरून छप्पर असलेली जागा आहे का? भिंत उघडी टाकून गाडी महिनोन्महिने पावसात ठेवता येत नाही. मला वाटतं ठेवायचं की विकायचं हे आकड्यांइतकंच या जागेवर ठरेल.

निवांत_चाक

दुसरी बाजू मांडतो, कारण मी विकून सुखी झालेल्यांपैकी आहे.

दुरुस्तीचा खर्च विक्रीतून वसूल होईल ही आशा सोडा. काही मोजक्या गाड्यांच्या मागे शौकीन लागतात, उदाहरणार्थ फोक्सवॅगनच्या वेस्टफालिया कॅम्पर, जीएमसीची १९७३ ते १९७८ मधली मोटरहोम, एअरस्ट्रीमचे अ‍ॅल्युमिनियमचे ट्रेलर. एअरस्ट्रीमच्या भिंतीत तर लाकडी सांगाडाच नसतो, जमीन मात्र प्लायची, ती तिथेही कुजते. बाकी गाड्या हौसेला मोल नाही म्हणत करायच्या. त्यात तुमचा हिशेब असा मांडा: गाडी तयार झाली तर तुम्ही तिच्यात फिरणार आहात, की तुम्हाला ती तयार करण्यातच रस आहे? दोन्ही कारणं चांगली आहेत, पण दुसरं असेल तर विकत घेणाऱ्याच्या बैठका शिवूनही ते भागतं.

विकायचं ठरलं तर अर्धवट उघडून विकू नका. उघडलेली भिंत दिसली की माणूस पाठ फिरवतो. फक्त स्वच्छ करा, चाकं फिरतील एवढं करा, वारसाहक्काची आणि नोंदणीची कागदपत्रं आपल्या नावावर आणा. डागांवर रंग मारू नका. ओलीचा नकाशा सरळ समोर ठेवला की घासाघीस कमी होते, हा माझा अनुभव. समोरच्याला वाटतं की ज्याने हे दाखवलं त्याने लपवलेलं काही नसावं.

उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ फुप्फुसात जाते. ब्लीचच्या पाण्याने भिजवा, मास्क लावा, पुसून घ्या. वायरी कुरतडल्यात का तेही बघा, बॅटरी जोडण्याच्या आधी.

टाकाउसवण

सगळ्यांचे आभार. मीटर आणलं, नकाशा काढला.

मागची बैठक १२ ते १४. खिडक्यांखाली १५-१६. दाराजवळची दबणारी जमीन १३, म्हणजे सागवानदादांनी म्हटल्याप्रमाणे गोंदच. इथपर्यंत मी मनात कापड बेतायला घेतलं होतं. मग वरचा पलंग. डागाच्या कोपऱ्यात ३४, समोरच्या कोपऱ्यात, जिथे डागच नाही, तिथे ३१. स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत गेला. आवाजसुद्धा झाला नाही.

टायरवर तीन आकडे निघाले. कोरे, आणि माझ्या लग्नाच्याही आधीचे.

सागवान

पुढचा भाग नव्याने बांधायला लागेल, बाकी गाडी चांगली आहे. माझ्याकडे शेड आहे, मी घेतली असती. तुमच्याकडे?

टाकाउसवण

नाही. कामाची जागा दुसऱ्या मजल्यावर, आणि मामींचं अंगण मोकळं व्हायचंय. उघडून ठेवली तर भिजत घोंगडं होईल, तेही शब्दशः. विकते. आकड्यांचा नकाशा जाहिरातीतच टाकते. मामांची यादी मात्र मी काढून घेतली.

एक बारीक शंका: गॅसचा सिलिंडर अजून कप्प्यात जोडलेला आहे. बघायला माणसं येतील, फ्रिज (तोही गॅसवरच चालतो) आणि शेगडी चालवून दाखवा म्हणतील. चालवू का?

पाना_बारा

अजिबात नाही. व्हॉल्व्ह बंद करा, सिलिंडर सोडवून बाहेर मोकळ्या हवेत उभा ठेवा. रबरी नळी आणि रेग्युलेटर दहा वर्षांच्या पुढचे असतील तर टाकाऊ समजा. घेणाऱ्याला स्वच्छ सांगा की गॅसची लाइन दाब देऊन तपासून घेतल्याशिवाय काही पेटवायचं नाही. फ्रिजच्या मागे पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा वास आला तर त्याचं कूलिंग युनिट फुटलंय, हात लावू नका, जाहिरातीत 'फ्रिज बाद' लिहा.

टाकाउसवण

पिवळी भुकटी आहे. लिहिते.