लेक्सस आयएस: तिसरा मेकअप, इंजिन तेच. टाळ्या कशासाठी?

मागचं_चाक
काल इथेच एकाने लिहिलं: "नव्या आयएसने (टोयोटाच्या लेक्सस ब्रँडची सेडान) दाखवून दिलं की स्पोर्ट सेडानला जादा ताकद लागतच नाही. आकड्यांच्या मागे धावणाऱ्यांना ड्रायव्हिंगमधलं काही कळत नाही." तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

तर, आकड्यांच्या मागे धावणारा मी बोलतो. ही पिढी 2013 ची. 2016 मध्ये एकदा दिवे-बंपर बदलले, 2020 मध्ये पुन्हा, आणि 2025 च्या सप्टेंबरात तिसऱ्यांदा. आत 12.3 इंची दोन पडदे आले, ग्रिल आणखी पसरली. बॉनेट उघडा. 2006 च्या आयएस 350 मध्ये 3.5 लिटरचं व्ही6 होतं, 306 हॉर्सपॉवर. 2026 च्या आयएस 350 मध्ये 3.5 लिटरचं व्ही6 आहे, 311. वीस वर्षांत पाच घोडे! अमेरिकेत आयएस 500 मिळायची, 5 लिटर व्ही8, 472 घोडे. तीही या खेपेला गुंडाळली. म्हणजे फेसलिफ्टमध्ये ताकद वाढली नाहीच, वर घटली. चारही चाकांना ड्राइव्ह हवा असेल तर गिअर अजून सहाच. आठ गिअर फक्त मागच्या चाकांवर चालणारीला.

समोर बीएमडब्ल्यूची एम340आय उभी आहे, 380 च्या वर घोडे, ताशी 60 मैल साडेचार सेकंदांच्या आत. आयएसला कंपनीच्याच आकड्याप्रमाणे 5.6 लागतात. जुनं इंजिन वापरायला माझी ना नाही. पण त्याला तत्त्वज्ञान म्हणू नका.

निवांत_टॉर्क
तो प्रतिसाद माझाच, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. 😊

एक किस्सा. आधी माझ्याकडे एक टर्बो सेडान होती, कंपनीचं नाव घेत नाही. कागदावर सगळं झकास. वॉरंटी संपली आणि आयडलिंगला गाडी थरथरायला लागली. इनटेक मॅनिफोल्ड काढला तर व्हॉल्व्हच्या मानेवर कोळशाचा थर, बोटाने खरवडला तर डांबरासारखा नखात बसला. फक्त डायरेक्ट इंजेक्शन असलं की हे होतंच. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह धुतला जात नाही. मग अक्रोडाच्या कवचाचा भुसा हवेच्या दाबाने मारून साफसफाई. बिल बघून मीच थरथरलो. आयएसच्या व्ही6 मध्ये पोर्ट आणि डायरेक्ट दोन्ही इंजेक्टर आहेत. हे तुमच्या 5.6 सेकंदांत दिसत नाही, पण दहाव्या वर्षी दिसतं.

आणि आयएस ही ताकदीची गाडी कधीच नव्हती. तिचं मूळ रूप, 1998 ची टोयोटा अल्टेझा बघा. मुख्य अभियंता नोबुआकी कातायामा, 2 लिटर, चार सिलिंडर, 210 घोडे, बस्स. तोल हाच तिचा धर्म.

मागचं_चाक
अल्टेझाचं उदाहरण तुम्ही आणलंत हे फारच बरं झालं. 2 लिटरमधून 210, तेही टर्बोशिवाय. लिटरमागे 105 घोडे. 1998 मध्ये! सोबत सहा गिअरचा मॅन्युअल. आजच्या आयएसचे 311 भागिले 3.5 करा, 89 येतात. म्हणजे सत्तावीस वर्षांपूर्वीची आजी नातीपेक्षा जास्त घाम गाळत होती. कातायामांनी त्या काळात उत्तम होतं ते इंजिन घातलं. आज कपाटात आहे ते घालतात.

कपाटातही दुसरं आहेच की. लेक्ससच्याच मोठ्या सेडानमधलं, एलएस 500 मधलं ट्विन टर्बो व्ही6, 416 घोडे, गाडीही मागच्या चाकांवर चालणारी. तेच उचलून थोडं आवरून बसवलं असतं तरी मी हा धागा काढला नसता.

निवांत_टॉर्क
त्याच घराण्यातलं इंजिन ना, ज्याच्यापायी 2024 मध्ये टोयोटाचा टुंड्रा पिकअप आणि लेक्ससची एलएक्स एसयूव्ही मिळून एक लाखाहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या? हवं तर तुम्ही घ्या, मी आहे तिथे सुखी आहे.

मागचं_चाक
ते कारखान्यात मशीनिंगचा कीस इंजिनमध्ये राहिला म्हणून. मेन बेअरिंग त्याने गेलं, टर्बोने नाही. कीस तुमच्या लाडक्या व्ही6 मध्ये राहिला तर तेही बसेल.

निवांत_टॉर्क
राहिला नाही, हाच तर मुद्दा आहे.

काटकोन
दोघेही इंजिनाला चिकटून बसलात. 2020 च्या फेसलिफ्टमध्ये काम झालं होतं ते खाली. वेल्डिंगचे पॉइंट वाढवले, सांगाडा कडक केला, टोयोटाच्या शिमोयामा टेस्ट ट्रॅकवर सस्पेन्शन घासूनपुसून घेतलं. चाकांचे स्टड-नट (हबला बसवलेल्या खुंट्या, त्यांच्यावर नट) काढून हब बोल्ट (थेट हबमध्ये फिरवायचे) दिले, त्याने चाकाची पकड कडक झाली आणि स्प्रिंगखालचं वजन कमी झालं. या खेपेला स्टीअरिंगची मोटरही नवी, रेशो (स्टीअरिंग किती फिरवलं की चाकं किती वळतात ते प्रमाण) बदलता. याला 'फक्त मेकअप' म्हणणं अन्याय आहे.

तेलकट_हात
थांबा थांबा. हब बोल्ट ही सुधारणा??

इंजिनाचं तुमचं चालू द्या, पण हे मी ऐकून घेणार नाही. स्टड असले की चाक उचललं, स्टडवर टांगलं, नट फिरवले, संपलं. बोल्टवाल्या गाडीचं पुढचं चाक मी भर पावसात बदललंय. चाक बुटाच्या टोकावर तोलायचं, मोबाइलचा टॉर्च दातात, आणि भोकात डोकावून बघायचं की मागचं भोक कुठे गेलं. गिअर पीमध्ये असला तरी लॉक होतात मागची चाकं, पुढचा हब आपला मोकळा फिरतोय. भोक जुळलं की बोल्ट हातातून निसटून चिखलात. हे ज्याने डिझाइन केलं त्याला एकदा त्या रस्त्यावर आणून सोडा.

आणि आटे गेले तर? स्टड मोडला तर ठोकून काढा, नवा घाला, किरकोळ काम. बोल्टने हबमधले आटे खाल्ले तर अख्खा हब बदला, त्याच्यासोबत बेअरिंग.

काटकोन
गाइड पिन नावाची वस्तू असते. एका भोकात फिरवून बसवायची, चाक तिच्यावर टांगायचं, बाकीचे बोल्ट लावायचे. जगभरच्या जर्मन गाड्या बोल्टवरच धावतात, लोक रस्त्यात रडत बसलेले दिसत नाहीत. आटे जातात ते सुरुवातीचे चार फेरे हाताने न देता थेट गन लावणाऱ्यांमुळे. आपण कधी टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराने आवळणारा पाना, वापरलाय का?

तेलकट_हात
वापरलाय. तुमच्या गाडीची चाकं ज्याने बसवली त्याने वापरलाय का ते विचारून या.

जर्मन गाड्यांचं म्हणाल तर ट्रॅकवर जाणारे बीएमडब्ल्यूवाले सगळ्यात आधी काय करतात? बोल्ट काढून स्टड बसवतात! चाकं सारखी काढा-घाला करायची असतात म्हणून. ज्यांना खरोखर गाडी पळवायचीय ते स्टडकडे येतात, आणि लेक्सस उलट्या दिशेला निघाली. तेही 'स्पोर्टी' म्हणून. काहीच्या काही.

काटकोन
ते सोयीसाठी. कडकपणाचा मुद्दा त्याने खोटा ठरत नाही.

तेलकट_हात
चार नटांच्या वजनाने कोपरा मारताना फरक पडतो हे तुमच्या कमरेला जाणवतं का? खरं सांगा.

काटकोन
पाच. आयएसच्या चाकाला पाच असतात. निदान मोजून तरी बोला.

तेलकट_हात
वा. मुद्दा संपला की मोजणी सुरू.

मागचं_चाक
अहो, धागा इंजिनाचा आहे.

तेलकट_हात
तुमच्याच मुद्द्याला जोर देतोय! इंजिनात काही केलं नाही, म्हणून सांगायला नट-बोल्ट शोधावे लागले.

सायलेन्सर
हे मात्र पटलं. 😂

रच्याकने, मी आयएस 350 ही चालवलीय आणि एक टर्बो सहा सिलिंडरवालीही. टर्बोवाली सीटमध्ये दाबते, वादच नाही. पण सहा हजारांच्या वर व्ही6 जसं गातं, पाय उचलला की लगेच जसं उतरतं, ते टर्बोत नाही. दुसरीकडे ओव्हरटेक करायला गेलं की गिअरबॉक्स दोन-तीन गिअर खाली येईपर्यंत आपण समोरच्या ट्रकची पाटी पूर्ण वाचून काढतो. खालच्या आरपीएमला टॉर्कच नाही. दोन्ही बाजूंनी शिव्या घालू नयेत ही विनंती.

निवांत_टॉर्क
पाटी वाचायला वेळ मिळतो म्हणजे वेगमर्यादेत आहात.

बरं, एक देतो. चारचाकी ड्राइव्हला सहाच गिअर ठेवणं हा निव्वळ आळस आहे, त्याचा बचाव मी करणार नाही. तेवढ्यावर खूश व्हा.

मागचं_चाक
झालो. मीही एक देतो: दहाव्या वर्षी तुमची गाडी चालू असेल आणि एम340आयवाला पुढच्या मालकाला शोधत असेल. पण मग तिला टिकाऊ सेडान म्हणा ना. टिकाऊपणाला लेक्ससच्या स्पोर्टी 'एफ स्पोर्ट'चा बिल्ला कशाला?

निवांत_टॉर्क
बिल्ल्याने कुणाचं काय बिघडतं? त्या न्यायाने मर्सिडीजच्या एएमजीने सी63 सेडानमधलं व्ही8 काढून 2 लिटर चार सिलिंडर आणि बॅटरी बसवली. आकडा 671 घोडे, गाडीचं वजन दोन टनांच्या वर. आकडेवाल्यांनी उड्या मारायला हव्या होत्या, पण सगळे व्ही8 साठी रडत बसले. म्हणजे जुनं इंजिन ठेवलं तरी शिव्या, बदललं तरी शिव्या.

मागचं_चाक
तिथे व्ही8 काढलं म्हणून रडले. इथेही व्ही8 च काढलंय, आठवतंय ना? आयएस 500.

निवांत_टॉर्क
…त्याचं दुःख मलाही आहे. सांगत फिरत नाही इतकंच.

नवा_कोरा
वाचतोय कधीचा. मला आयएस 350 च घ्यायची आहे, मागच्या चाकांवर चालणारी. नवी घेऊ की वापरलेली?

मागचं_चाक
वापरलेली, 2018 ची. इंजिन तेच, 311 घोडे तेवढेच. वाचलेल्या पैशांत उत्तम टायर घाला.

काटकोन
नवी. फरक स्टीअरिंगमध्ये आहे आणि तो रोज हातात असतो.

तेलकट_हात
2018 ची. स्टड आहेत.