तिरितिरी माटांगी पर्यटकांना बंद करावं का?

सागरगोटा:
ऑकलंडहून फेरीबोटीने सव्वा तासावर तिरितिरी माटांगी हे जेमतेम 220 हेक्टरचं बेट आहे. उंदीर, मांजर, स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) काही नाही, म्हणून न्यूझीलंडचे दुर्मिळ पक्षी तिथे बिनधास्त फिरतात. दीपगृहाजवळ एक टाकाहे चरत होता. निळा, थोराड, उडता न येणारा. गवताची काडी उपटायची, पायात धरायची, बुडाचा कोवळा भाग तेवढा खायचा आणि उरलेली टाकून द्यायची! आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. 1948 साली पुन्हा सापडेपर्यंत हा पक्षी नामशेष समजला जात होता. असं असताना फेऱ्या भरभरून माणसं उतरवायची? माझ्या मते परवान्याशिवाय कुणाला पाऊल ठेवू देऊ नये.

बोरूबहाद्दर:
साफ असहमत. ते रान माणसांनीच उभं केलंय. शंभरावर वर्षं गुरं-मेंढ्या चारून बेट उघडंबोडकं झालं होतं. 1984 ते 1994 या काळात हौशी लोकांनी येऊन अडीच लाखांहून जास्त झाडं लावली. तेव्हा दारात परवाना मागितला असता तर टाकाहे बघायला आज तुम्ही गेलाच नसता.

खवटकाकू:
झाडं लावणारे वेगळे आणि सेल्फीवाले वेगळे हो. 2000 साली याच बेटावर अर्जेंटिनी मुंग्या सापडल्या. त्यांच्या राण्या लांब उडत जात नाहीत, म्हणजे कुणाच्या तरी सामानातूनच आल्या असणार. मग बसा वर्षानुवर्षं विषारी आमिषं टाकत.

बोरूबहाद्दर:
काकू, म्हणूनच तर बूट घासायला लावतात, पिशव्या तपासतात, खाणं बंद डब्यात आणि कचरा आपापल्या घरी. आणि सगळं खापर पर्यटकांवर का? तिरितिरी ज्यात आहे त्याच हौराकी आखातात संशोधकांनी रेडिओ कॉलर घालून एक उंदीर एका निर्जन बेटावर सोडला होता. पठ्ठ्या 400 मीटर पोहून शेजारच्या बेटावर गेला आणि 18 आठवडे सगळ्यांना झुलवत राहिला. त्याने काय फेरीचं तिकीट काढलं होतं?

मोजपट्टी:
उंदराचा किस्सा भारी, पण तो तुमच्याच विरुद्ध जातो. 400 मीटर तो पोहला. तिरितिरी मुख्य भूमीपासून तीन किलोमीटरच्या वर आहे. एवढं अंतर उंदीर बोटीतूनच पार करणार ना?

दुसरं, हिही पक्ष्याचं बघा. एके काळी तो सगळीकडून गेला आणि फक्त हाउतुरू बेटावर उरला. ते बेट 1895 पासून राखीव, आजही परवान्याशिवाय उतरता येत नाही. 1995 साली तिरितिरीवर हिही आणले ते तिथूनच. तिजोरी बंद होती म्हणून खर्चायला काही उरलं. पण सगळ्याच बेटांना कुलूप लावा असं मी म्हणणार नाही. एक खुलं असू द्या, फक्त ते हाउतुरू नको.

सागरगोटा:
हिहीचं माहीत नव्हतं, धन्यवाद. तरी माझा मुद्दा उरतोच. न्यूझीलंडच्याच कापिती बेटावर दिवसाला किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे. इथेही आकडा निम्मा करा.

खवटकाकू:
+1. आणि विणीच्या हंगामात पूर्ण बंद.

बोरूबहाद्दर:
हंगाम म्हणजे उन्हाळ्यातले महिने, फेऱ्या तेव्हाच भरतात. हिहीसाठी साखरपाणी ठेवावं लागतं, ते रोज कुणीतरी भरतं. वाटाड्यांची फी आणि दुकानाची कमाई बेटाच्याच कामाला जाते. ती निम्मी झाल्यावर भरपाई कोण करणार, सरकार? आणि कापितीचंच काढलंत तर मर्यादा असूनही 2010 साली तिथे स्टोट निघालाच की.

मोजपट्टी:
मग आकडा तोच ठेवा आणि तिकीट महाग करा.

खवटकाकू:
वा! म्हणजे पैसेवाल्यांच्या बुटांना माती चिकटत नाही वाटतं?