खिशात घडीची सुरी ठेवायची तर लॉकवाली की बिनलॉकची?

कुळागरी, डिचोली

दर गणेशचतुर्थीला आमच्याकडे हेच. माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळंपानं बांधायचा सांगाडा टांगलेला, खाली सुपारीचे घोस, नीरफणस, आंबाडे पसरलेले, बांधायला केवणीच्या झाडाची साल सोलून ठेवलेली आणि चार बाप्ये "सुरी खंय आसा रे?" करत घरभर. आदोळीला (विळीला) स्वयंपाकघरातून कोणी हलवू देत नाही, कोयता इतक्या बारीक कामाला चालत नाही. म्हणून गेली बारा वर्षं माझ्या खिशात घडीची सुरी असते.

माझं मत एकतर्फी आहे, आधीच सांगतो. गोव्यात रोज बाळगायची तर पातं सात सेंटिमीटरच्या आत, स्टेनलेस, साधी स्प्रिंगवाली, लॉक (उघडलेलं पातं मिटू न देणारी खीळ) नसलेली. लाल स्विस व्हिक्टोरिनॉक्स किंवा त्या धाटणीची कुठलीही. काळं पातं, क्लिप, अंगठ्याने खटकन उघडणं हे सगळं रील्ससाठी. तसली सुरी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काढून बघा, भाजीवाली दोन पावलं मागे सरेल. माझी काढली की ती म्हणते, "बाब, म्हजी सुतळी कापून दी."

जहाजी, वास्को

लॉक नको म्हणणाऱ्याचं बोट अजून कापलेलं नसतं. माझं कापलंय, दोन टाके.

बिनलॉकच्या सुरीत पाठीची स्प्रिंग पात्याच्या बुडाला दाबून धरते, बस. खाली दाब देऊन कापताना काही होत नाही, कारण दाब उघडण्याच्या दिशेनेच जातो. पण टोक खुपसलंत किंवा जाड दोरात रुतलेलं पातं हिसडून काढायला गेलात, की ते मिटतं. मिटतं कुठे, तर थेट बोटांवर. माझ्या हातात ओला नायलॉनचा दोर होता, भर पावसात. तेव्हापासून लॉक नसलेली सुरी मी फक्त आंबा चिरायला घेतो.

भाजीवालीचं म्हणाल तर ती काळ्या पात्याला घाबरते, लॉकला नाही. लाकडी मुठीची, मुठीच्या पाठीला लॉक (बॅकलॉक) असलेली सुरी तिला वेगळी दिसणारसुद्धा नाही.

कुळागरी

भोक पाडायला सुरी वापरूच नये. त्यासाठी तिच्यात आरी असते.

जहाजी

त्या आरीला तरी लॉक कुठाय?

कुळागरी

बरं, हे मान्य. पण तुमच्या लॉकचंही ऐका. माझ्या भाच्याची लायनर लॉकवाली आहे. आत एक पातळ पट्टी असते, ती पात्याच्या बुडाखाली सरकून बसते. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, महिनाभर वापरली, तिथे नारळाच्या काथ्याचा भुसा आणि माती अडकली, पट्टी अर्धीच सरकायला लागली. बाहेरून बघाल तर लॉक लागलंय. अंगठ्याने पात्याची पाठ दाबली आणि मिटली. लॉक नाही हे माहीत असलं की माणूस सांभाळून कापतो. लॉक आहे असं वाटलं की निर्धास्त होतो.

जहाजी

मग साफ करायला सांगा भाच्याला! ब्रेक घाण झाला म्हणून कोणी बिनब्रेकची स्कूटर घेत नाही.

पेडण्याची सून

दोघेही भांडताय कशावर? आमच्या घरी फ्रेंच ओपिनेल आहे, आठ नंबर, साडेआठ सेंटिमीटर पात्याची. १८९० पासूनची बनावट, बीच लाकडाची मूठ. हिच्या मानेशी एक कडी असते, फिरवली की पातं अडकतं. ती कडी १९५५ मध्ये आली. माती अडकली तर डोळ्यांना दिसते, पुसता येते. झालं तुमचं लॉक.

पण तिचं दुखणं वेगळंच. श्रावण आला की मूठ फुगते आणि पातं उघडतच नाही. नखांनी ओढून ओढून सासरे रडकुंडीला आले होते. उपाय साधा: मुठीचं मागचं टोक टेबलावर आपटायचं, पातं थोडं बाहेर येतं, मग धरून काढायचं. पावसाळ्याआधी मुठीला जवसाचं उकळलेलं तेल चोळून वाळवली तर फुगणं कमी होतं.

पहिली कार्बन स्टीलची घेतली ही मात्र चूक झाली. आंबट बिंबल चिरलं, काळी. ओली सुपारी चिरली, आणखी काळी. तो काळा थर गंजासारखा पातं खात नाही हे खरं, पण मानकुराद आंब्याच्या फोडीला लोखंडाचा वास आला तेव्हा घरात कोणी ऐकून घेईना. आता स्टेनलेसची आहे.

जहाजी

यावर टाळ्या. स्टीलवर कोणी बोलतच नव्हतं, आणि आपल्याकडे निम्मा प्रश्न तोच आहे. डी२ नावाच्या स्टीलच्या स्वस्त सुऱ्या हल्ली फार दिसतात. त्यात बाराएक टक्के क्रोमियम असतं म्हणून लोक स्टेनलेस समजतात. पण कार्बनही दीड टक्का असतो, तो क्रोमियमला बांधून ठेवतो, गंजाशी लढायला कमी उरतं. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत आठवडाभर न पुसता ठेवा, ठिपके दिसतील. त्यात ते पातं इतकं कडक की घरच्या दगडावर धार लावताना हात दुखतात. व्हिक्टोरिनॉक्सचं स्टील त्यामानाने मऊ. लवकर बोथट होतं, लवकर धार घेतं. इथे मी कुळागरींच्या बाजूने. होडीवर काम असेल तर कार्बनऐवजी नायट्रोजनवर कडक केलेली स्टीलं मिळतात, एलसी२००एन वगैरे. महाग आहेत, पण गंज जवळजवळ धरतच नाहीत.

पर्वरीकर

एक अडाणी प्रश्न. पार्सलची टेप स्कूटरच्या चावीने फाटते, आंबा घरी चिरतो. मग सुरी कशाला? आमच्या आजोबांची सुरी मी अशीच हौसेने खिशात घालून विमानतळावर गेलो. सामान चेक-इन करून मोकळा झालो होतो, तपासणीत सुरी निघाली, तिथेच राहिली. चूक सर्वस्वी माझी. पण घरात असती तर आज असती.

पेडण्याची सून

आजोबांच्या सुरीचं वाईट वाटलं. चावीचं मात्र पटलं नाही, चावीने माटोळी बांधून दाखवा.

फोंड्याचा वकील

कायद्याचं कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत येतात, त्यातही घरगुती, शेतीच्या वगैरे कामासाठी बनवलेल्या वगळल्या आहेत. इथल्या सगळ्या सुऱ्या त्या मापात फार लहान आहेत. पण जमावबंदीच्या आदेशात हत्यार बाळगायला मनाई असू शकते, आणि भांडणात खिसा तपासला गेला तर काळ्या पात्याच्या खटकेबाज सुरीचा खुलासा करणं लाल मुठीच्या सुरीपेक्षा जड जातं. लॉकचा यात संबंध नाही, जहाजींनी निश्चिंत असावं.

कुळागरी

वकीलबाब, देव बरें करूं. जहाजी, भाच्याची सुरी आज उघडून धुतली. आत खोबरेल तेल घट्ट होऊन बसलं होतं, भुसा त्यातच चिकटला होता. तेल कोणी घातलं, तर मीच, मे महिन्यात.

जहाजी

हां! खोबरेल सांध्यात कधीच नाही, चिकट होतं. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मागा, एक थेंब पुरे. फळ चिरायला चालतं, शिलाई मशीनच्या तेलासारखं नाही. आता पट्टी पूर्ण सरकते का?

कुळागरी

सरकते. तरी मी माझीच वापरणार.