आईसाठी पप्पांची कबर उघडली, तेव्हापासूनचा एक प्रश्न

घोरपडीची_लेक

सगळ्यांना सलाम. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं.

जुलैत माझी आई प्रभूमध्ये झोपी गेली. कबरस्तानात नवी जागा नाही, म्हणून पप्पांचीच कबर उघडायचं ठरलं. पप्पांना जाऊन २३ वर्षं झाली. आदल्या संध्याकाळी मी आणि भाऊ तिथे गेलो. पाऊस रिपरिप चालू होता. खणणाऱ्या मामांनी वर प्लॅस्टिकचा कागद बांधला होता. बरंच खाली गेल्यावर त्यांनी फावडं बाजूला ठेवलं आणि हातानेच माती सारायला लागले. जे मिळालं ते मांजरपाटाच्या तुकड्यावर ठेवत गेले. फार काही नव्हतं. शेवटी त्यांनी एक स्टीलची प्लेट वर दिली, वीतभर लांब, दोन स्क्रू अजून तिच्यात अडकलेले. मी लगेच ओळखली. १९८७ साली पप्पा बोपोडीला सायकलवरून पडले होते, तेव्हा मांडीत बसवलेली. त्या पायाने ते लंगडायचे. जिन्यावर एक पाऊल जड, एक हलकं वाजलं की आई कुकर उतरवायची.

मामांनी ती नळाखाली धुतली आणि विचारलं, "ताई, ठेवू का नेता?" ठेवा म्हटलं. ते गाठोडं दुसऱ्या दिवशी आईच्या पायाशी ठेवलं.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. रात्री म्हणाला, "येशू परत येईल तेव्हा आजोबा उठणार ना? मग ते लंगडतच उठणार?" मला काही बोलताच आलं नाही. "शरीराचे पुनरुत्थान", म्हणजे मेलेल्यांचं शरीरासकट पुन्हा उठणं, हे शब्द मी लहानपणापासून दर रविवारी पंच हौदच्या देवळात उभी राहून म्हणत आलेय. त्या मांजरपाटाकडे बघताना मात्र त्यांचा अर्थ मला माहीत नाही असं वाटलं. आणि दफनाच्या वेळी सांगितलं की आई प्रभूजवळ पोहोचली. पोहोचली असेल तर पुन्हा उठायचं काय राहिलं?

शिवाय माझे धाकटे दीर एका नव्या फेलोशिपला, म्हणजे स्वतंत्र प्रार्थना-मंडळीला, जातात. ते म्हणतात, सगळी चिन्हं पूर्ण झालीत, दोन-तीन वर्षांत प्रभू येतोय, मग रडतेस कशाला, तुझा विश्वास कमी आहे. मी अजून रोज रडते. खरंच विश्वास कमी आहे का माझा?

राहुरीचे_मास्तर

ताई, सलाम. संडे स्कूल घ्यायचो तेव्हा एखादं पोर हे विचारायचंच. मुलाला सांगा, त्याच्या आधी करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती लोकांनीही विचारलं होतं की मेलेले उठतात ते कसल्या शरीराने? प्रेषित पौलाने इ.स. ५५ च्या सुमारास लिहिलेलं उत्तर बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात आहे. तो दाण्याचं उदाहरण देतो. मी कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. पेरलेली बाजरी चार दिवसांनी उकरून बघायची मला खोड होती. हाताला पिचकं टरफल लागायचं. दाणा गेलेला असायचा, पण वर आलेला कोंब त्याचाच, शेजारच्या दाण्याचा नव्हे. तुमचे पप्पा उठतील ते पप्पाच असतील. अशक्तपणात पेरलेलं सामर्थ्यात उठेल. प्लेट मातीत राहील.

लंगडण्याबद्दल मात्र मी घाईने बोलणार नाही. उठलेल्या प्रभूच्या हातांत खिळ्यांचे वण होते, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने ते दाखवले. शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, म्हणजे नुसता आत्मा नव्हता. बागेत मरीयेला तो माळी वाटला, नावाने हाक मारल्यावर तिने ओळखला. ज्या पावलांवर तुमच्या आईने इतकी वर्षं कुकर उतरवला, ती ओळख पुसली जाईल असं मला वाटत नाही.

आता "पोहोचली" चं. वधस्तंभावरच्या चोराला प्रभू म्हणाला की आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. म्हणजे आई प्रभूजवळ आहे हे खरंच. पण तो मधला मुक्काम. शेवट आहे तो प्रभूच्या येण्याच्या वेळी, शरीरासकट, नव्या आकाशात आणि नव्या पृथ्वीवर. दफनाच्या वेळी आपण पहिली गोष्ट सांगतो आणि दुसरी राहून जाते. मीही हे केलंय, वाईट वाटतं. आत्मा जुनं वस्त्र टाकून नवं घेतो, हे गीतेतलं सांगणं आपल्या कानांवर लहानपणापासून आहे. त्याचा आदर आहेच. पण मतांगीकारात, म्हणजे देवळात म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, आपण म्हणतो ते निराळं. देव देह टाकून देत नाही, तो देहच उठवतो.

मेणबत्ती_२_नोव्हेंबर

मी कॅथलिक. माझा भाऊ एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेला आणि त्याचं दहन करावं लागलं. मम्मीचा जीव त्यातच अडकला होता, "माझ्या बाळाची हाडंसुद्धा नाहीत." फादर घरी आले. चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिलीय, फक्त राख पवित्र जागी ठेवावी, उधळू नये, असं त्यांनी सांगितलं. तरी मम्मी गप्पच. मग त्यांनी फ्रान्समधल्या लियाँच्या रक्तसाक्षींची, म्हणजे विश्वासासाठी मारल्या गेलेल्यांची, गोष्ट सांगितली. इ.स. १७७ मध्ये त्यांना मारणाऱ्यांनी प्रेतं जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटली, मुद्दाम, यांना उठायला काही उरू नये म्हणून. आणि तरीही मंडळी त्यांच्या उठण्याची वाट बघत राहिली. त्या रात्री मम्मी जेवली. ताई, तुमच्याकडे गाठोडं तरी होतं.

पिंपरीचा_भाऊ

मीही फेलोशिपचाच आहे, म्हणून तुमच्या दिरांच्या वतीने माफी मागतो. विश्वासणारे अंतराळात उचलले जातील यावर आमचा विश्वास आहे. ते आधी आणि प्रभूचं उघड येणं नंतर, असं आम्ही मानतो. बऱ्याच मंडळ्या दोन्ही एकच मानतात. तो वाद इथे नको. पण तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, हे प्रभूचं स्वतःचं बोलणं आहे. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी प्रभूच्या येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. तो दिवस आला आणि गेला.

आणि रडण्याचं. पौलाने ज्यांना पत्र लिहिलं त्या थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना तुमच्यासारखाच घोर लागला होता, आमची माणसं आधीच गेली, ती या दिवसाला मुकतील का? पौल रडू नका म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका म्हणतो. पुढे क्रमही देतो, ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, जिवंत आहेत ते त्यांच्यानंतर. म्हणजे आई तुमच्या पुढे आहे, ताई. आणि आपल्या मेलेल्या मित्राला, लाजराला, उठवायलाच निघालेला प्रभू त्याच्या कबरेपाशी जाताना रडला. त्याचा विश्वास कमी होता म्हणायचं का?

घोरपडीची_लेक

सगळ्यांचं वाचलं. पिंपरीच्या भाऊंचं दोनदा.

मुलाला बाजरीचं सांगितलं, त्याने ती कधी पेरलेली पाहिलीच नाही. मग कुंडीत मेथी पेरली, तो रोज उकरतो, मी ओरडत नाही. थोमाचं सांगितल्यावर म्हणाला, "मग आजोबांचा पाय दुखणार नाही, पण आजी जिन्यावर ओळखेल." मी हो म्हटलं.

काल दगडवाल्याकडे गेले होते. पप्पांच्या पाटीवरचा "निद्रिस्त" शब्द तसाच ठेवून आईचं नाव त्याखाली घालायला सांगितलं. तो म्हणाला, अक्षर मोठं करू का, खाली बरीच जागा उरतेय. म्हटलं, राहू दे, माझं नाव तिथेच यायचंय.