मदत हवी आहे: दिवाणी वकिलीतून वीज-पाणी दरांच्या कायद्याकडे वळतेय
नमस्कार. ९ वर्षं दिवाणी वकिली केली, आता ऊर्जा आणि नगरपालिका कायद्यात उतरायचंय. परवा एका दरवाढीच्या सुनावणीला जाऊन बसले. वाद कलमांवर नव्हताच! जुन्या ट्रान्सफॉर्मरचा घसारा (वापरानं दरवर्षी घटणारी किंमत) किती वर्षांत धरायचा, वीजगळतीचा भार ग्राहकानं का सोसायचा, यावरच २ तास गेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १८७७ च्या ‘मन विरुद्ध इलिनॉय’ (Munn v. Illinois) निकालातलं तत्त्व, म्हणजे लोकहिताशी जोडलेल्या व्यवसायाचे दर सरकार ठरवू शकतं, हे समजतं. पण ताळेबंद वाचता येत नाही.

आधी दरनिश्चितीचा हिशेब शिकू की पालिकांचे पाणीपुरवठ्याचे करार? वीजदर ठरवणाऱ्या नियामक आयोगापुढे काम केलेल्यांनी कृपया सांगा. आणि सुरुवातीला वीज कंपनीचं काम घेतलं, तर पुढे पालिकेची बाजू मांडताना हितसंबंध आड येतात का? मला शेवटी ग्राहकांच्या बाजूनंच उभं राहायचंय.